बाबिलोनचा नोंदकार : इ.स.पू. १३६ चे खग्रास सूर्यग्रहण



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात सरांच्या स्मृत्यर्थ बोलण्याचा योग सत्तरी ओलांडल्यावर यावा, हे मी माझे भाग्य समजतो. निमंत्रण घेऊन मंडळी घरी आली तेव्हा त्यांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. परंतु मराठीचा निवृत्त प्राध्यापक म्हणजे संतवाङ्मय किंवा बखरी, हे त्यांनी मनाशी धरलेले असावे. मी ‘प्राचीन काळचे एक सूर्यग्रहण’ असा विषय सांगितला, तेव्हा त्यांच्यातले एक जण संकोचून म्हणाले, “सर, मग खगोलशास्त्राचं कुणी पाहायला हवं होतं.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. माझे खगोलाचे ज्ञान शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने सुरू झाले आणि पुढेही फार लांब गेले नाही. परंतु ज्या ग्रहणाविषयी मी बोलणार आहे, त्याचे सारे मोल चार-सहा ओळींच्या एका लेखात साठवलेले आहे. आणि लेख कसा वाचावा, लिहिणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा, एवढेच शिकण्या-शिकविण्यात माझी चाळीस वर्षे गेली. दुसरेही एक कारण आहे. सरांचे एक देणे माझ्याकडे राहिलेले आहे, आणि ते सूर्यग्रहणाचेच आहे.

सूर्यग्रहण म्हटले की मराठी माणसाच्या ओठावर पहिल्याने काय येते? ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ.’ एखादी गोष्ट रोखठोक पुराव्यानिशी समोर ठेवायची असली की आपण हे शब्द उच्चारतो. भारतीय युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्य झाकला गेला, जयद्रथ गाफील राहिला, सूर्य पुन्हा प्रकटला आणि अर्जुनाने प्रतिज्ञा पुरी केली, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो. ते खग्रास ग्रहणच होते असे मानून त्यावरून युद्धाचे वर्ष काढण्याची खटपट अनेकांनी केली आहे. यावर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारावेत. पहिला संहितेचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत श्रीकृष्णाने अंधार निर्माण केल्याचा प्रसंग मूळ संहितेत स्वीकारलेला नाही. दुसरा प्रश्न त्याहून सोपा आहे. सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. त्याच चौदाव्या दिवसाच्या रात्री युद्ध चालू राहिले, थकलेली सैन्ये रणांगणावरच झोपली आणि उत्तररात्री चंद्र उगवल्यावर पुन्हा लढू लागली, असे द्रोणपर्वच सांगते. अमावास्येच्या रात्री चंद्र उगवेल कसा? व्यासांना याचा दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना पंचांग लिहायचे नव्हते. महाकाव्याकडे तारीख मागायला जाणाऱ्याचीच चूक आहे.

ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील चाळिसाव्या सूक्ताचेही असेच झाले आहे. स्वर्भानू नावाच्या असुराने सूर्याला तमाने ग्रासले आणि अत्रिऋषींनी त्याला सोडविले, असा तेथे उल्लेख आहे. तो खग्रास ग्रहणाचाच असावा, हे मला स्वतःला पटते. कारण दिङ्मूढ झालेल्या भुवनांचे तेथील चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुचणारे नाही. पण ते कोणत्या वर्षीचे? प्रबोधचंद्र सेनगुप्तांनी इ.स.पू. ३९२८ हे वर्ष काढले. अलीकडे मयंक वाहिया आणि मित्सुरु सोमा यांनी इ.स.पू. ४२०२ किंवा ३८११ अशी वर्षे सुचविली. विद्वानांच्या उत्तरांत शतकांचे अंतर पडते, याचे कारण सूक्ताने भय आणि सुटका या दोन गोष्टी जपल्या आणि बाकीच्या जाऊ दिल्या.

ग्रीकांचीही गत फार वेगळी नाही. लिडियाचा राजा आणि मीड लोकांचा राजा यांचे युद्ध सहाव्या वर्षी ऐन रंगात आले असता दिवसाची रात्र झाली, दोन्ही सैन्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि तह झाला, ही हिरोडोटसने सांगितलेली हकीकत सर्वश्रुत आहे. थेलिसने हे ग्रहण आधीच वर्तविले होते, असेही तो म्हणतो. हे ग्रहण बहुधा इ.स.पू. ५८५ च्या २८ मेचे. पण हिरोडोटस लिहीत होता तो त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, आणि त्याला सांगायची होती तहाची गोष्ट. सूर्य किती वेळ झाकला, आकाशात काय दिसले, याची त्याला गरज नव्हती.

आता मी तुम्हांला बाबिलोनला नेतो.

काळ इ.स.पू. १३६, १५ एप्रिलची सकाळ. नबुखद्‌नेझराचे वैभवशाली बाबिलोन ते हे नव्हे. अलेक्झांडर येऊन गेला, त्याच्या सेनापतीच्या वंशजांनी पावणेदोनशे वर्षे राज्य केले, आणि अवघ्या पाच वर्षांपूर्वी, इ.स.पू. १४१ मध्ये, पार्थियन लोकांनी शहर घेतले. व्यापार आणि वस्ती तैग्रिस नदीकाठच्या सेल्युकियाकडे सरकलेली. रस्त्यावर आरामाईक बोलली जाते, दरबारात ग्रीक चालते. अक्कादी ही दोन हजारांहून अधिक वर्षांची भाषा आणि तिची कीलाक्षरी लिपी आता मार्दुक देवाच्या एसागिला मंदिराच्या आवारापुरती उरली आहे. परक्या राज्यात, परक्या भाषांच्या गजबजाटात, मूठभर माणसे आपली जुनी लेखनविद्या मुलांना शिकवीत आहेत. निजामाच्या हैदराबादेत मराठी शाळा चालविणाऱ्यांच्या वारसांना ते चित्र अगदीच अनोळखी वाटू नये.

या मूठभरांत आकाश पाहणारे लेखनिक होते. त्यांचे काम घराण्यात चाले. बापाची जागा मुलाला मिळावी, त्याला मंदिराच्या सभेने वर्षाची चांदी ठरवून द्यावी, आणि त्याने वेध घ्यावेत, असे ठराव आज उपलब्ध आहेत. म्हणजे हे पगारी कारकून होते. ते रोज रात्री आणि रोज दिवसा आकाश पाहून ओल्या मातीच्या लहान पाटीवर बोरूसारख्या कोरणीने टिपण करीत, आणि पुढे त्या टिपणांवरून काही महिन्यांची मोठी पाटी तयार करीत. अभ्यासक त्यांना बाबिलोनच्या खगोलीय रोजनिश्या म्हणतात. उपलब्ध पाट्यांपैकी सर्वांत जुनी इ.स.पू. ६५२ ची आणि शेवटची इ.स.पू. ६१ ची आहे. मध्ये राजवटी बदलल्या, देव-देवळांचे दिवस फिरले, पण जवळजवळ सहाशे वर्षे हे काम चालत राहिले. मनुष्यजातीने इतका काळ सलग चालविलेली दुसरी नोंदवही मला तरी माहीत नाही.

आणि त्या रोजनिशीत काय नाही? चंद्र कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कोणत्या ग्रहाचा उदय झाला, कोणाचा अस्त, हे तर आहेच. शिवाय वारा, पाऊस, ढग, चंद्राभोवतीचे खळे. महिन्याअखेरीस युफ्रेटिसच्या पाण्याची पातळी. एका शेकेल चांदीला जव किती मिळाले, खजूर किती, मोहरी, अहाळीव, तीळ आणि लोकर किती. मध्येच एखादी शहरातली बातमी. इ.स.पू. ३२३ च्या जूनमध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये मरण पावला. त्या दिवसाच्या टिपणात राजा मेला एवढेच आहे, आणि पुढे आकाशात ढग होते. जगज्जेत्याच्या मृत्यूने कारकुनाची शिस्त ढळली नाही.

मला या रोजनिश्यांतील सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यांत एक ठरीव शेरा वारंवार येतो. त्याचा अर्थ असा की ढग होते, पाहिले नाही. ग्रहणांच्या बाबतीतही तसेच. या लोकांना २२३ चांद्रमासांचे, म्हणजे १८ वर्षे आणि सुमारे ११ दिवसांचे, ग्रहणांचे आवर्तन माहीत होते. कोणत्या अमावास्येला ग्रहणाचा संभव आहे हे ते आधीच काढून ठेवीत. ग्रहण अपेक्षित होते, वाट पाहिली, दिसले नाही, असे ते लिहून ठेवतात. स्वतःचे गणित चुकल्याची कबुली जो आपल्याच हाताने मातीत कोरून ठेवतो, तो जेव्हा ‘दिसले’ म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला हवा.

त्या सकाळच्या ग्रहणाची नोंद दोन पाट्यांवर आहे. दोन्ही फुटक्या आहेत, पण एकीचे तुटलेले दुसरीवर सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाबिलोनच्या ढिगाऱ्यांतून हजारो पाट्या निघाल्या, व्यापाऱ्यांच्या हातून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. श्ट्रासमायर नावाच्या जेझुइट पाद्र्याने त्या उतरून घेतल्या आणि एपिंग नावाच्या दुसऱ्या जेझुइटाने, जो गणिती होता, त्यांतील खगोलाचा अर्थ लावण्यास आरंभ केला. पुढे साक्स आणि हुंगर या विद्वानांनी १९८८ पासून त्यांच्या संपादित आवृत्त्या काढल्या.

नोंदीचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. तारीख दिली आहे ती सेल्युकसी शकाच्या १७५ व्या वर्षाची, अधिक अद्दारू महिन्याच्या २९ व्या दिवसाची. आपल्याकडे जसा अधिक मास धरतात तसाच तेथेही धरीत, आणि अद्दारू म्हणजे स्थूलमानाने आपला फाल्गुन. अमावास्येचा दिवस. सूर्योदयानंतर २४ उश झाले असता सूर्याला ग्रहण लागले. ‘उश’ हे त्यांचे कालमान. अहोरात्राचे ३६० उश, म्हणजे एक उश चार मिनिटांचा. आता आपल्या घटिकेशी मेळ घालून पाहा. घटिका २४ मिनिटांची, म्हणजे ६ उशांची. २४ उश म्हणजे बरोबर ४ घटका. आपले जुने जोशी सूर्योदयापासून घटका मोजीत आणि घटिकापात्र पाण्यात सोडीत. बाबिलोनचा लेखनिकही सूर्योदयापासूनच मोजतो आणि त्याच्याजवळही पाण्याचेच घड्याळ. त्याच्या शेजारी आपला जोशी बसविला असता तर दोघांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण आकडे लगेच कळले असते.

नोंदकार पुढे म्हणतो की ग्रहण नैऋत्येच्या बाजूने लागले आणि ईशान्येकडे सरकत १८ उशांत, म्हणजे आणखी ३ घटकांत, पूर्ण झाले. पंचांगाच्या भाषेत स्पर्श ४ घटकांना आणि संमीलन ७ घटकांना. मग आकाशाकडे पाहून तो लिहितो की शुक्र आणि बुध दिसले, नेहमीचे तारे दिसले. आणि गुरू व मंगळ, ज्यांचा त्या वेळी अस्त होता, तेही दिसले.

येथे मी क्षणभर थांबतो. गुरूचा अस्त हे शब्द मराठी घरात लग्नाच्या मुहूर्तामुळे परिचित आहेत. ग्रह सूर्याच्या इतका जवळ असतो की त्याच्या तेजात लोपतो, उजाडण्यापूर्वी किंवा सायंकाळीही दिसत नाही. अशा वेळी त्याला पाहण्याचा एकच उपाय असतो: भर दिवसा सूर्य नाहीसा व्हावा. गुरू आणि मंगळ दिसले हे सांगताना त्यांचा अस्त होता याची आठवण ठेवणारा मनुष्य काय करतो आहे ते पाहा. अंधार पडला आहे, रस्त्यात बहुधा आरडाओरडा चालला आहे, आणि हा मनात आपल्या कोष्टकाशी आकाश ताडून पाहतो आहे. कोष्टकाप्रमाणे न दिसणारे दोन ग्रह डोळ्यांना दिसतात, तर तो दोन्ही गोष्टी लिहितो. खोटी साक्ष देणाऱ्याला हा तपशील सुचला नसता. आजच्या गणिताने त्या सकाळची ग्रहस्थिती काढून पाहिली तर ती त्याने सांगितल्याप्रमाणेच येते.

शेवटी तो नोंदवतो की सूर्याने नैऋत्येकडून ईशान्येकडे सावली टाकून दिली, आणि स्पर्शापासून मोक्षापर्यंत ३५ उश लागले. आपल्या हिशेबात ५ घटका ५० पळे. वारा कोणत्या दिशेचा होता हेही तो विसरत नाही.

बस्स. देव कोपल्याचे नाही, लोक भ्याल्याचे नाही. ग्रहणाची भीती त्या देशात नव्हती असे मात्र समजू नका. पाचशे वर्षांपूर्वी, असिरियाच्या एसरहद्दोनच्या कारकिर्दीत, ग्रहण अशुभ निघाले की खऱ्या राजाला लपवून एखाद्या सामान्य माणसाला राजवेष घालून सिंहासनावर बसवीत; अरिष्ट त्याच्यावर जावे म्हणून. जास्तीत जास्त शंभर दिवसांनी त्याला ठार करीत. राजाच्या ज्योतिष्यांची त्यासंबंधीची पत्रे आजही वाचता येतात. आपला नोंदकार त्याच परंपरेचा वारस होता. त्याच्या विद्येचे नावसुद्धा शकुनग्रंथावरून पडलेले. त्याच्या मनात भीती होती की नव्हती, हे पाटी सांगत नाही.

आता या नोंदीने काय साधले? विज्ञानाच्या भागातून मी लवकर पुढे जाणार आहे, कारण तो माझा प्रांत नव्हे.

खग्रास ग्रहणाची सावली पृथ्वीवर एका अरुंद पट्ट्यावरूनच जाते. चंद्र-सूर्यांच्या गती मागे मोजत नेल्या तर इ.स.पू. १३६ ची ती सावली कोठून गेली हे काढता येते. अट एकच, पृथ्वी आज ज्या वेगाने स्वतःभोवती फिरते त्याच वेगाने तेव्हाही फिरत होती असे मानायचे. तसे मानून हिशेब केला तर सावलीचा पट्टा बाबिलोनवर पडतच नाही. तो ४८.८ अंश पश्चिमेला सरकतो आणि आफ्रिकेच्या वायव्य टोकावरून स्पेनजवळच्या माजोर्का बेटाकडे जातो. मग काय कारकून खोटे बोलला? बाबिलोनमध्ये सूर्य पुरता झाकला गेला, चार ग्रह दिसले, हे तर त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा चूक आपल्या गृहीतकाची. पृथ्वी तेव्हा आजच्यापेक्षा किंचित वेगाने फिरत होती, आणि त्यानंतर मंदावली.

ही शंका जुनीच होती. एडमंड हॅलीने १६९५ मध्येच प्राचीन ग्रहणांवरून चंद्राच्या गतीत काही फरक पडत असावा असे सुचविले होते, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीचे घर्षण पृथ्वीला लगाम घालत असावे, हे कांट या तत्त्वज्ञाने १७५४ मध्ये म्हटले होते. लगाम घालणारा चंद्र स्वतःही दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जातो. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांमुळे ते मोजता आले. पण गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत पृथ्वी नेमकी किती मंदावली, हे सांगायला साक्षीदार लागतात. दरॅम विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीफन्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबिलोन, चीन, ग्रीस आणि अरब देशांतील शेकडो ग्रहणनोंदी तपासून ते मोजले. दिवसाची लांबी शतकाला सरासरी सेकंदाच्या पावणेदोन सहस्रांशांच्या आसपास वाढते आहे. इतकी क्षुल्लक वाढ! पण ती साचत जाते. इ.स.पू. १३६ पासूनचे दिवस सात लाखांहून अधिक; प्रत्येक दिवसाची चिमूटभर तूट जमा होत होत सुमारे ११,७०० सेकंद, म्हणजे सव्वातीन तासांवर जाते. सव्वातीन तासांत पृथ्वी जेवढी वळते, तेवढेच बाबिलोन आणि त्या चुकीच्या पट्ट्यातले अंतर.

एक गंमत आणखी. केवळ भरती-ओहोटीचा हिशेब धरला तर दिवस शतकाला २.३ सहस्रांश सेकंदांनी वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो तेवढा वाढलेला नाही. याचे एक कारण असे सांगतात की हिमयुगात उत्तर युरोप आणि कॅनडा बर्फाच्या प्रचंड थरांखाली दबले होते. बर्फ वितळल्यावर ती जमीन अजून वर येते आहे, पृथ्वी थोडी अधिक गोल होते आहे आणि त्यामुळे किंचित वेगाने फिरते आहे. बाबिलोनचा कारकून जव-खजुराचे भाव लिहिता लिहिता हिमयुगाविषयी साक्ष देऊन गेला, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

माझ्या विषयातले एक उदाहरण देतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते स्पष्ट होईल. शिवजन्माच्या तिथीविषयी बखरींचा गोंधळ प्रसिद्ध आहे. बखरकार रसाळ लिहितात. सभासदाची भाषा वाचताना मी आजही हरखून जातो. पण १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, आणि त्या रुक्ष, तुटक, केवळ तिथीवार टिपणांच्या कागदाने शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी पुढे आणली. आज बहुतेक अभ्यासक तीच मानतात. मी बखरींवर प्रबंध लिहिला, शकावल्यांवर नव्हे. वाङ्मय म्हणून शकावली शिकवावी असे मला चाळीस वर्षांत एकदाही वाटले नाही. अलीकडे मात्र वाटते की माझ्या विद्यार्थ्यांना मी एक दालन बंदच ठेवले.

आता सरांच्या देण्याकडे येतो.

सर गणित आणि भूगोल शिकवीत, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, एक तापमापी टांगलेला असे. सकाळी आणि दुपारी तीनला सर त्याचा पारा पाहून एका हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. रविवारीही शिपायाकडून फाटक उघडवून येत. आम्ही मुले त्यांना पाठीमागे ‘पारासाहेब’ म्हणत असू. मी त्यात सामील होतो.

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. सावलीचा पट्टा अंकोल्याजवळ किनाऱ्याला लागून रायचूरवरून कोणार्ककडे गेला. उस्मानिया विद्यापीठाची जपल-रंगापूरची वेधशाळा त्या पट्ट्यात होती. आपल्या शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर. दोन दिवस आधी सर काचीगुड्यातील आमच्या घरी आले. “इब्राहिमपट्टणच्या पुढे जातो आहे शनिवारी, दोन पोरं बरोबर आहेत. येतोस?” मी तेव्हा कॉलेजात नुकताच कायम झालेला अधिव्याख्याता. पत्नीला सहावा महिना लागला होता. आईने सुरी, सुई आणि विळी आदल्या दिवसापासूनच कपाटात बंद केली होती. ग्रहणात गर्भाला काही होते यावर माझा विश्वास नव्हता. पण तसे आईला सांगण्याचेही धैर्य नव्हते, आणि सरांना खरे कारण सांगण्याची लाज वाटत होती. “पेपर तपासायचे आहेत, सर,” असे मी म्हणालो. सरांनी आत, बंद कपाटाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. “बरं,” म्हणाले, आणि चहा घेऊन गेले.

त्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आम्ही सारे पश्चिमेकडच्या खोलीत दारे-खिडक्या लावून बसलो. साडेतीनच्या सुमारास माझे लक्ष जमिनीवर गेले. खिडकीच्या जुन्या फळ्यांच्या फटींतून एरवी गोल कवडसे पडत. त्या दिवशी शहाबादी फरशीवर सात-आठ चंद्रकोरी पडल्या होत्या. फटीतून सूर्याचे बिंब उमटते हे सरांनीच आठवीत शिकविले होते. कोरी बारीक होत चालल्या. पत्नी कॉटवर उताणी पडून होती, तिने मान वळवून विचारले, “ते काय आहे?” आई म्हणाली, “त्या फटीवर पंचा टाक.” मी उठलो आणि पंचा टाकला.

पुढे सरांशी माझे अनेकदा बोलणे झाले. मुलीच्या बारशाला ते आले होते. त्यांनी ग्रहणाचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. ते गेल्यालाही आता बरीच वर्षे झाली.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी ग्रंथालयाच्या कपाटातून सरांच्या हिरव्या वह्या काढून दिल्या. अकरा आहेत. वाळवी एकीलाच लागली आहे. १९८० च्या वहीत १६ फेब्रुवारीचे पान मी काढले. सकाळचा पारा आहे. दुपारी तीनच्या रकान्यात आकडा नाही. सरांच्या टपोऱ्या अक्षरात ‘मी येथे नव्हतो’ असे आहे. खाली शेऱ्याच्या जागेत तीन छोटी वाक्ये: आकाश निरभ्र. शुक्र दिसला. काळोख किती वेळ होता ते मोजायचे राहून गेले.

तीस-बत्तीस वर्षांत ज्यांनी एक दिवस पारा चुकविला नाही, ते त्या दोनेक मिनिटांत घड्याळाकडे पाहायचे विसरले, आणि तसे त्यांनी लिहून ठेवले. बाबिलोनचा कारकून विसरला नाही. सरांना तो आवडला असता. त्याच्याविषयी त्यांना सांगायला मी चाळीसहून अधिक वर्षे उशीर केला.

त्याच पानावर पुढची ओळ १७ फेब्रुवारीची आहे. रविवार. सकाळचा पारा आणि दुपारचा पारा, दोन्ही भरलेले आहेत.